अंगठ्याखालचा प्रश्न

मिस्त्रींची उभी हयात पंपघरात गेली. शहराला पाणी चढवणारं ते पंपाचं धूड त्यांच्या हाताखाली सरळ चालायचं. निवृत्त झाले आणि हात रिकामे पडले. घरातले गळके नळ, कुरकुरणारी दारं, हलणारी खुर्ची असं सगळं पहिल्या काही महिन्यांतच दुरुस्त होऊन गेलं. मग ते धडधाकट वस्तूही उघडून बसायला लागले, तेव्हा बायकोने कोपरापासून हात जोडले.

"अहो, मिक्सर चालतोय. चालत्याच्या पोटात कशाला हात घालता?"

"आवाज बदललाय त्याचा."

"माझाही बदललाय. मला उघडणार का?"

अशा या माणसाला काम मिळालं ते सुनेच्या परीक्षेमुळे.

सून एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. पहाटे अंधारात निघायची आणि दुपारी उन्हातून परत यायची. ओल्या चादरींचे ढीग मशीनमधून ओढून काढायचे, वाफेच्या रुळांखाली सरकवायचे आणि घड्या घालून गाडीवर रचायचे. वर्षानुवर्षं हेच करून तिचा उजवा खांदा उतरला होता. वेणी घालायला हात वर गेला नाही, तेव्हा तिने सरळ केस कापून टाकले आणि सासूला सांगितलं, उकडतं म्हणून कापले. मिस्त्रींना मात्र झिजलेलं बेअरिंग लांबून ओळखू यायचं. डॉक्टरने स्पष्टच बजावलं होतं की काम बदला, नाहीतर हा हात कायमचा जाईल.

काम बदलण्याचा रस्ता एकच होता. त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळू शकत होती, पण त्यासाठी पत्राने शिकायचा एक अभ्यासक्रम पुरा करायला हवा होता. सून त्या परीक्षेला दोनदा बसली आणि दोनदा आपटली. तिसऱ्यांदा बसायची मुभा होती, चौथ्यांदा नव्हती. तिचा नवरा, म्हणजे मिस्त्रींचा मुलगा, जहाजावर इंजिनाच्या खोलीत. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर असायचा. फोन आला की म्हणायचा, "जमेल गं तुला," आणि लगेच आवाज तुटायचा.

पुस्तक उघडलं की सुनेचे डोळे मिटायचे. हे काही आळसाने नव्हे. दिवसभर वाफेत उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची आणि शांतता एकदम मिळाली की दुसरं काय होणार? अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तकात एक युक्ती दिली होती. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं करा, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. खिशात ठेवा, येता-जाता पाहा. मिस्त्रींनी ते वाचलं आणि त्यांची कळी खुलली.

"हे माझ्याकडे लागलं," ते म्हणाले. "तू फक्त पाठ कर."

घरात मुलाचा जुना कॉम्प्युटर होता. प्रिंटर मिस्त्रींनी पंपघराच्या कचेरीतून मोडीत निघताना उचलून आणला होता. दोन बोटांनी टाइप करत ते पुस्तकाचं एकेक पान कार्डांत उतरवू लागले. पानावर आठ चौकोन आखायचे, चौकोनात प्रश्न भरायचे, छापायचं, पान उलटं घालून मागे उत्तरं छापायची. पहिल्या खेपेला उत्तरं भलत्याच प्रश्नांमागे आली. पान उलटलं की डावं उजवीकडे जातं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. रक्तगटाच्या प्रश्नामागे मूत्रपिंड आलं. सासूबाई म्हणाल्या, "छान! आता दवाखान्यात हिला विचारूनच रक्त चढवा." मिस्त्रींनी निमूटपणे उत्तरांचे चौकोन आरशासारखे फिरवले, आणि मग सगळं जुळलं.

जाड कागद त्या प्रिंटरला झेपत नसे. रबरी रूळ घसरायचा, कागद तिरका जायचा, मध्येच अडकायचा. आतल्या ड्रमवर ओरखडा होता, त्यामुळे दर पानावर एका ठरावीक जागी करडी रेघ उमटायची. उजवीकडची शाई फिकट पडायची. पट्टी धरून पात्याने कापताना मिस्त्रींचा हात कधी हलायचा, मग एखादं कार्ड तिरकं निघायचं. एकावर चहा सांडला. एकाला बोटाचा काळा ठसा लागला. पण वाचता येत होतं, आणि सुनेचं काम भागत होतं.

नुसतं भागत नव्हतं, धावत होतं. सून बसथांब्यावर कार्डं चाळायची, जेवताना चाळायची. संध्याकाळी भाजी निवडून झाली की सासूबाई गठ्ठा घेऊन समोर बसायच्या. प्रश्न मोठ्याने वाचायचा त्यांना कंटाळा होता. "ती नावं माझ्या तोंडात बसत नाहीत," म्हणायच्या. त्या कार्डाची पुढची बाजू सुनेला दाखवायच्या आणि स्वतः मागचं उत्तर वाचायच्या. कार्ड वर जायचा अवकाश, सुनेचं उत्तर तयार.

"नेफ्रॉन."

"बरोबर."

"पित्त. यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं."

"बरोबर. अगं, मला चष्मा तरी नीट लावू दे!"

मिस्त्री कोपऱ्यात पेपर वाचल्याचं सोंग करून ऐकायचे. त्यांना वाटायचं, नवा पंप बसवला, बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात पाणी वर चढलं.

परीक्षा महिन्यावर आली तोवर गठ्ठ्याची पार दशा झाली होती. कोपरे मऊ पडले होते, फिकट अक्षरं आणखी फिकी झाली होती. मिस्त्रींनी मनावर घेतलं. भंगारवाल्याकडे त्याच जातीचा एक मेलेला प्रिंटर मिळाला. त्याचा ड्रम काढून आपल्यात बसवला. रूळ स्पिरिटने घासला, स्प्रिंग ताणली. कार्डं कापायला ते कोपऱ्यावरच्या बाइंडरच्या दुकानात गेले आणि त्याच्या मोठ्या कातरयंत्रावर एका दमात सगळी कापून आणली. नवा गठ्ठा असा काही झाला होता की पाहत राहावं. सगळी कार्डं एका मापाची, अक्षर काळंभोर, कुठे रेघ नाही की डाग नाही.

दुपारी सून आली, हातपाय धुऊन बसली, तेव्हा त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला.

"बाबा, हे कधी केलंत?" ती म्हणाली. दमलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "किती सुंदर झालीत. हात लावायला भीती वाटते."

"लाव, लाव. अगं ए, घे तिची उजळणी."

सासूबाईंनी पहिलं कार्ड वर धरलं. सून पाहत राहिली.

"सांग की."

"थांबा. येतंय मला. हे..." तिने कपाळाला बोट लावलं. "पुढचं घ्या."

पुढचं घेतलं. ते आलं. त्याच्या पुढचं नाही. त्याच्या पुढचंही नाही. एक चुकीचं सांगितलं. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"काय हो, उत्तरं पुन्हा अदलाबदल केलीत की काय?"

मिस्त्रींनी उठून कार्डं तपासली. सगळी बरोबर होती. सुनेचा चेहरा उतरला होता.

"दमले असेन," ती म्हणाली. "आज दोन मशीन बंद होती, सगळं हातांनी पिळलं."

"मग झोप जा," सासूबाई म्हणाल्या. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी सुनेने गठ्ठ्याला हात लावला नाही. म्हणाली, डोकं दुखतंय.

मिस्त्रींना चैन पडेना. पंप पाणी चढवेनासा झाला की त्यांची एक रीत होती. शेवटी काय बदललं ते पाहायचं, आणि तेवढंच परत जुनं लावून बघायचं. त्यांनी जुना गठ्ठा शोधला. बायकोने तो टाकला नव्हता, दूधवाल्याचा हिशेब रिकाम्या कडांवर लिहायला फळीवर ठेवला होता.

"सूनबाई, दोन मिनिटं बस," ते म्हणाले. त्यांनी नवं कार्ड धरलं. "इन्सुलिन कुठे तयार होतं?" असा प्रश्न होता.

तिने वाचलं. ओठ हलले. "यकृत?" ती चाचरत म्हणाली.

त्यांनी त्याच प्रश्नाचं जुनं कार्ड धरलं.

"स्वादुपिंड!" उत्तर असं आलं की जणू कोणी मागून ढकललं.

मग त्यांनी गठ्ठ्यातून दुसरं जुनं कार्ड काढलं, आपला रुंद अंगठा प्रश्नावर आडवा ठेवला आणि कार्ड वर धरलं. अक्षर एकही दिसत नव्हतं. दिसत होता फक्त तिरका कापलेला कोपरा.

"प्लेटलेट," सून म्हणाली. "रक्त गोठवतात त्या."

त्यांनी आणखी एक काढलं. अंगठा तसाच. वरच्या कडेला करडी रेघ.

"नेफ्रॉन."

चहा सांडलेलं काढलं.

"पित्त."

"अगं बाई!" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ही वाचतच नाहीये!"

सून हसली. आधी खरंच हसू आलं तिला. मग हसणं ओसरलं आणि तिने हात पुढे करून ती कार्डं घेतली. एकेक डाग, एकेक रेघ ती बघत राहिली. एवढे महिने ती रोज ज्यांना ओळखत होती, ते प्रश्न नव्हतेच. परीक्षेच्या कागदावर ना चहा सांडलेला असणार, ना कोपरा तिरका असणार.

"म्हणजे मला काहीच येत नाही," ती म्हणाली. रडली नाही. चादरींचा आणखी एक ढीग आत आला की म्हणावं तसं म्हणाली.

"काहीच नाही असं कसं," मिस्त्री घाईने म्हणाले. "मी आता असं करतो, रोज नवी छापतो. अक्षराचा आकार बदलतो, क्रम बदलतो. म्हणजे खूण धरायला जागाच राहणार नाही."

सासूबाई त्या नव्या कार्डांतून एक उचलून चष्म्याजवळ नेत होत्या. "हे काय लिहिलंय? तांबड्या पेशीचं आयुष्य किती?"

"सुमारे एकशेवीस दिवस," मिस्त्री मागे न बघता म्हणाले.

"आणि हे? सगळ्यांना चालणारं रक्त?"

"ओ निगेटिव्ह."

"आणि—"

"पुरे गं." ते थांबले. सून त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्याही लक्षात आलं. ते कधी पाठ करायला बसले नव्हते. त्यांनी पुस्तकातली पानं वाचली होती, चौकोनात मावेल एवढं काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा विचार केला होता, चुकलं ते खोडलं होतं, एकेक अक्षर शोधून दाबलं होतं. अभ्यास असा आपसूक त्यांच्या पदरात पडला होता आणि सुनेच्या वाट्याला आले होते कापलेले कागद.

"परीक्षेला तुम्हीच बसा, बाबा," सून म्हणाली.

चेष्टेने म्हणाली असती तर सगळे हसले असते. तिने चेष्टेने म्हटलं नव्हतं. ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मिस्त्री बाहेर पडले. पाय नेतील तिकडे गेले. पंपघराच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. आतून ओळखीची घरघर येत होती. त्यांना वाटलं, आपण भलं करायला गेलो. त्या पोरीचा एकच हात धड राहिलाय, तोही आपण धरून ठेवला. रागही आला होता. इतके दिवस डोळे फोडून घेतले, त्याचं हे फळ. पण राग कोणावर करायचा ते ठरेना, आणि वयोमानाने राग फार वेळ उभाही राहत नाही. पाय दुखायला लागले तसे ते घरी परतले.

सून कॉम्प्युटरपुढे बसली होती. बसली होती म्हणजे, डोकं टेबलावर होतं आणि कोपर कळांवर. पडद्यावर "रक्ताचे मुख्य घटक कोणते?" एवढं लिहून झालं होतं, आणि त्याखाली एकाच अक्षराच्या ओळीच्या ओळी पानभर सांडल्या होत्या. अक्षर अजून उमटतच होतं. मिस्त्रींनी हलकेच तिचा हात उचलून बाजूला ठेवला. ती दचकून जागी झाली.

"झोपले का मी?"

"थोडी. पानभर नुसतं 'प' म्हणालीस."

तिने पडद्याकडे पाहिलं आणि पुसायला लागली. मिस्त्रींचा हात सवयीने पुढे गेला. एका झटक्यात सगळं कसं निवडायचं आणि पुसायचं ते त्यांना माहीत होतं. हात तसाच मागे घेऊन त्यांनी तो खिशात घातला.

"मघाशी मी बोलले ते..." ती म्हणाली.

"खरं बोललीस. आता मी या खुर्चीत बसणार नाही. तू करायचं. तुला जमेल तेवढं."

"सगळं नाही होणार, बाबा. महिना उरलाय. मला धड बसवतही नाही."

"मग अर्धंच कर. पण ते तुझं असू दे."

"अर्ध्यावर पास होतात का?"

"ते मला कुठे माहीत? पंपाचं विचार."

त्या दिवसापासून घरातली कामं फिरली. सून दुपारी आली की चहा पिऊन खुर्चीत बसायची. मिस्त्री भाजी चिरायचे, भांडी घासायचे, कपडे वाळत घालायचे. सासूबाई त्यांच्या मागे मागे. "काकडीचे असे तुकडे? नट-बोल्ट आहेत का ते?" त्या म्हणायच्या. पण सुनेपुढे चहा ठेवताना एक शब्दही बोलत नसत.

सून फार सावकाश लिहायची. हात सुजलेले, बोटं भलत्या कळेवर पडायची. मध्येच चिडायची, मध्येच डोळे मिटायची. कधी तासाभरात चारच कार्डं व्हायची. कधी एखाद्या प्रश्नावर अडायची, पुस्तकात मागे-पुढे शोधायची, आणि आतून ऐकू यायचं, "हां, म्हणजे असं आहे होय!" मिस्त्री तिकडे ओट्यापाशी हातातली सुरी थांबवायचे. त्यांना उत्तर ठाऊक असायचं. ओठ घट्ट मिटून ते पुन्हा चिरायला लागायचे. एकदा तिने त्यांना हाक मारली, "बाबा, प्लाझ्मा आणि सीरममध्ये फरक काय हो?" तर ते म्हणाले, "मला आठवत नाही." असं धडधडीत खोटं ते आयुष्यात क्वचितच बोलले असतील.

त्यांनी जाड कागद आणून प्रिंटरशेजारी ठेवला होता. छापायची पाळी येईल तेव्हा निदान कापायला तरी आपली गरज पडेल, अशी त्यांची आशा होती. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

"सूनबाई, छापायचं कधी?"

ती पडद्याकडेच बघत होती. "नको, बाबा. मी लिहिलेली मला आठवतायत. छापून काय करू?"

"बरं," मिस्त्री म्हणाले. कागदाचा गठ्ठा उचलून त्यांनी कपाटात ठेवला आणि थोडा वेळ कपाटाकडे बघत उभे राहिले.

परीक्षेच्या सकाळी सून चादरींच्या कामावरून सुट्टी घेऊन गेली. मिस्त्री तिच्याबरोबर गेले आणि फाटकाबाहेर भिंतीला टेकून बसून राहिले. सोबतचे उमेदवार तिच्याहून कितीतरी लहान, एकमेकांच्या वह्या हिसकावत, हसत आत गेले. वेळ सरता सरेना. पेपर संपल्यावर सून सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. उजवा हात डाव्या हाताने धरला होता.

"किती लिहिलंस?"

"निम्म्याहून थोडं जास्त. ज्याची कार्डं मी केली नव्हती, ते कोरं सोडलं." ती त्यांच्या शेजारी भिंतीला टेकली. "एक प्रश्न असा होता की मला आधी माझी टायपिंगची चूक आठवली, मग उत्तर."

"खांदा?"

"तो आता माझा राहिलाच नाहीये."

निकाल यायला वेळ लागला. तोवर तिने तोच ढीग ओढला, त्याच घड्या घातल्या. घरात परीक्षेचा विषय कोणी काढत नसे. एका दुपारी ती कामावरून आली, तर दारातच फोन वाजला. अभ्यासक्रमाच्या कचेरीतून कोणी बाई बोलत होती. सुनेने ऐकलं, "हो, हो, बरं," म्हणाली, फोन ठेवला आणि उंबऱ्यातच खाली बसली, पायांत बूट तसेच.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. मिस्त्री मागोमाग.

"काय म्हणाल्या?"

"पास झाले. काठावर." तिने भिंतीला डोकं टेकलं. "इस्पितळालाही त्यांनी कळवलंय. प्रयोगशाळेत पुढच्या महिन्यापासून."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ऊठ, आत चल. काहीतरी गोड करते."

"उठते, आई. जरा थांबा." तिने डोळे मिटले होते. "हा महिना तर काढायचाच आहे. उद्याही पहाटेचीच पाळी आहे."

मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत खाली बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.